टोपल्यातल्या भाकरीचा हिशेब



या पानावर मी फवारणी, बियाणं, पाण्याच्या पाळ्या असलं लिहितो. आज चुलीजवळचं लिहितोय. काहीजण हसतील, हसा. पण तुरी काढणीला आल्यात, म्हणून आत्ताच लिहायला पाहिजे. तुरी आडतीवर गेल्यावर लिहून उपयोग नाही.

गणपती झाल्यावर आमच्या गावात आरोग्य शिबिर होतं. मी रक्तदाब बघायला गेलो, मागून आमची मंडळी आली. तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९ निघालं. सिस्टर म्हणाल्या, बायकांचं १२ च्या वर पाहिजे. मग त्यांनी विचारलं, "काकू, काल दिवसभरात काय काय खाल्लं?" हिनं सांगितलं, सकाळी रात्रीची भाकरी चहात बुडवून. दुपारी रानात चटणी-भाकरी. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर कोरड्यास संपलं होतं म्हणून पुन्हा चटणीच, आणि खाली राहिलेला भात. सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या घरात धान्य कमी नाही, हे आधी सांगतो. साडेसहा एकर रान, त्यात अडीच एकर मालदांडी, दोन एकर तूर, थोडा हरभरा, बांधावर शेवगा, दोन गाई. अशा घरातल्या बाईचं रक्त ७.९ कसं, हा प्रश्न मला झोपू देईना. जमिनीत नत्र कमी पडलं तर मी माती तपासून घेतो, आणि घरातलं माणूस पिवळं पडलं तर कळत नाही.

मग मी एक केलं. फवारणीची तारीख लिहायची जी वही आहे, तिच्यात मागच्या पानावर १५ दिवस लिहून काढलं की रोज रात्री काय उरलं आणि ते कोणी खाल्लं. घरात आम्ही सहाजण. आई, मी, ही, पोरगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात. १५ दिवसांत ४१ भाकरी उरल्या. त्यातल्या २४ हिनं खाल्ल्या, ९ सूनबाईनं, ६ गाईला गेल्या, २ मी खाल्ल्या (त्या पण वही दिसत होती म्हणून). पोराची एक पण नाही. भात पाच वेळा उकिरड्यावर गेला. बाजारच्या भाजीतला एक कोबी, अर्धा किलो टोमॅटो आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या सडल्या.

आमच्याकडं म्हणायला सगळे म्हणतात, अन्न वाया घालवू नये. वहीवरून मला कळलं की वाया न घालवायचा हा नेम घरातल्या दोन बायकाच पाळतात, आणि तो स्वतःच्या पोटावर पाळतात. ७२ च्या दुष्काळात आईनं खडी फोडलेली आहे, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी खाल्लेल्या आहेत. ती तुकडा टाकू देत नाही, आणि तिचं चुकत नाही. पण तुकडा कोणाच्या ताटात पडतो हे कोण बघणार?

आता मूळ मुद्द्यावर येतो. शेतकऱ्याच्या घरचा स्वैपाक बाजाराच्या दिवशी ठरत नाही. तो खळ्यावर ठरतो. आपण काय ठेवलं आणि काय विकलं, त्यावर वर्षभराचं ताट ठरतं.

माझीच चूक सांगतो. २०२३ च्या जानेवारीत मी सगळी तूर विकली. ७२०० चा भाव मिळाला, खूश होतो. घरात म्हणालो, डाळ काय, लागेल तशी दुकानातून आणू. दिवाळीपर्यंत तीच डाळ १६० रुपये किलोनं आणायची पाळी आली. आमच्या घरी रोज पाव किलो डाळ शिजते, म्हणजे वर्षाला ९० किलो. तेवढ्या डाळीला साधारण १३० किलो तूर लागते, कारण क्विंटलमागं ७० किलोच्या आसपास डाळ पडते. १३० किलो तुरीचे मला आले ९३६०. पुढं १६० नं ९० किलोचा हिशेब केला तर १४,४०० होतात. मिनी दालमिलवाल्याला किलोला ८ रुपयांनी १०४० दिले असते तरी चार हजार वाचले असते. शिवाय चुनी गाईला मिळाली असती. चार हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही, एका चांगल्या फवारणीचा खर्च. पण त्यापेक्षा वाईट झालं ते दुसरंच. डाळ महाग झाल्यावर घरात कोणी न सांगता आमटी पातळ व्हायला लागली. वरचं पाणी बायकांच्या वाटीत, खालची डाळ आमच्या. हे मला तेव्हा दिसलं नाही, आता मागं बघताना दिसतंय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहाराचं सांगितलंय, त्यात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरलीत. सहा माणसांचं वर्षाचं १८६ किलो झालं. आमची डाळ ९०, मग राहिलेलं हरभरा, मटकी, हुलगा, मूग यातून यायला पाहिजे. नात लहान आहे, आई कमी खाते, तरी दीड क्विंटलच्या खाली जमणार नाही. तुमच्या घरात किती माणसं आहेत त्यावर तुम्ही गुणून बघा. एकरी उताऱ्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, हा का नसावा?

काहीजण म्हणतील, सोसायटी मार्चला भरायची असते, तूर ठेवून कसं भागेल. खरं आहे, मलाही भरायची असते. मी सगळी ठेवा म्हणत नाही. गेल्या साली दोन एकरात ९ क्विंटल झाली. दीड ठेवली, साडेसात विकली. दीड क्विंटलनं कर्ज फिटणार नव्हतं आणि राहणारही नव्हतं.

ठेवायचं तर नीट ठेवायचं, नाहीतर भुंग्याला जेवण. अख्ख्या तुरीवर भुंगा अंडी घालतो, डाळीला तेवढा लागत नाही. म्हणून उन्हाळा चढायच्या आत वर्षाची डाळ करून घ्यायची. आमच्या शेजारच्या गावात बचत गटाकडं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पद्धतीची मिनी दालमिल आहे, तिथं काम होतं. डाळ उन्हात कडक वाळवायची, दाताखाली कटकन फुटली पाहिजे, मग थंड करून डब्यात. गरम असताना झाकण लावलं तर आत घाम धरतो. हरभरा, मटकीला थोडं तेल चोळून ठेवतो. ज्वारी कणगीत आहे, पण पीठ आठ दिवसांच्या वर दळून ठेवायचं नाही. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते, चिरलेली भाकरी कोणी खात नाही, आणि तीच टोपल्यात उरते. म्हणजे उरलेल्या भाकरीचं मूळ कधीकधी गिरणीत असतं.

आता रोजचं. आमचा बाजार बुधवारचा. पूर्वी मी पिशवी घेऊन जायचो आणि जे स्वस्त दिसेल ते आणायचो. आता मंगळवारी संध्याकाळी सूनबाई डबे उघडून बघते, काय आहे आणि काय आधी संपवायला पाहिजे ते नातीच्या पाटीवर लिहिते. मी पाटीचा फोटो काढून बाजारला जातो. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग वांगी-गवार, आणि सोमवार-मंगळवार भाजी नाही. भाजी संपते तिथून डबे सुरू होतात. मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, सांडग्याचं कालवण, पिठलं. उन्हाळ्यात बायकांनी कंबर मोडून केलेले सांडगे पाहुणा आल्यावरच काढायचे आणि राहिलेले पुढच्या साली जाळी धरली म्हणून टाकायचे, हे आमच्याकडं होत होतं. पोराला हे भाजी नसलेले दोन दिवस आवडत नव्हते. आता शेंगोळ्याला तोच पहिला बसतो.

भाकरी उरायचं सगळ्यात मोठं कारण मात्र पोरगाच निघाला. त्याच्या नावाच्या तीन भाकरी रोज व्हायच्या आणि हा स्टँडवर वडापाव खाऊन यायचा. आता संध्याकाळी सहाला त्यानं घरी फोन करायचा, जेवायला आहे की नाही. एवढ्या एका फोननं टोपलं निम्मं हलकं झालं. यात कसलं नियोजन म्हणा.

तरी उरतंच. उरलेल्याचं काय करायचं हे आमच्या बायकांना शिकवायची गरज नाही. वरण उरलं की चकोल्या. मेथीची भाजी उरली की ज्वारीच्या पिठात घालून धपाटी. भाकरीचा कुस्करा, त्याला कांद्याची फोडणी आणि वर ताक. जास्तच झाल्या तर उन्हात कडक करून ठेवायच्या, आपल्या सोलापूरकडं कडक भाकरी विकत घेऊन खातात लोक, मग घरच्याला काय झालं? सणाच्या पुरणपोळीची कटाची आमटी तरी काय आहे, डाळ शिजवलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणूनच ना. ती आपण भुरकून खातो, तिला शिळवडीचं कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट सूनबाईनं मला सुनावली, ती लिहितो. म्हणाली, "मामा, धपाटी करा म्हणायला सोपं आहे. सकाळच्या घाईत अर्धा तास जास्त लागतो. ते तुमच्या वहीत कुठं लिहिलंय?" बरोबर बोलली. म्हणून धपाट्याच्या दिवशी गाईचं शेण-पाणी पोरगा करतो आणि कडधान्य निवडायचं काम रात्री बातम्या बघत मी करतो. मटकीतले खडे पुरुषाच्या हातालाही सापडतात.

दोन ठिकाणी मात्र मी शिळं वापरा म्हणणार नाही. एक भात. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष फोडणी दिली तरी जात नाही. फ्रीजमध्ये लगेच ठेवला असेल तरच सकाळी खावा, नाहीतर भात मापातच शिजवावा. दुसरं, बुरशी आलेली भाकरी. ती गाईला पण नको, त्यातलं विष दुधात उतरतं आणि फिरून आपल्याच नातवंडांच्या पेल्यात येतं. आणि उरलं ते जनावराला ओता, हाही उपाय नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर लग्नात उरलेला भात आणि पुऱ्या दोन गाईंपुढं पाटी भरून ठेवल्या. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की आम्ल वाढतं. डॉक्टर येईपर्यंत एक गाय गेली. साठ हजारांची गाय, अन्न वाया जाऊ नये म्हणून.

घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो शेवटच्या नेमावर. मी म्हणालो, टोपल्यातली शिळी भाकरी आधी माझ्या ताटात, मग पोराच्या. बायकांना ताजी. आईला हे पटलं नाही. ती म्हणाली, कर्त्या माणसाला शिळं वाढलेलं मी माझ्या हयातीत बघितलं नाही. आणि आमची ही तर आणखीच. मी उठलो की माझ्या ताटातली शिळी उचलून स्वतःच्या ताटात घ्यायची. दोन-तीन दिवस भांडणात गेले. मग मी सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसायचं काढलं. आता भाकरी करून टोपल्यात ठेवतात आणि रात्री साडेआठला सहाजण गोल बसतो. भाकरी तव्यावरची गरम मिळत नाही, पोरगा कुरकुरतो. पण कोरड्यास सगळ्यांना सारखं येतं, आणि कमी पडलं तर सगळ्यांना दिसतं. मला वाटतं आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

सिस्टरनी हिला गोळ्या दिल्या होत्या, जेवणावर लगेच चहा नको आणि ताटात लिंबू घ्या म्हणून सांगितलं होतं. ते चालू आहे. शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा होतो. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं, ९.४ आलं. १२ अजून लांब आहे.

आज मंगळवार. पाटीवर लिहिलंय: हुलगा आधी, हरभरा डाळ भरपूर, शेंगदाणे संपत आलेत, टोमॅटो नको. टोपल्यात कालच्या दोन भाकऱ्या आहेत, एक माझी आणि एक पोराची. तो अजून उठला नाही.

तुमच्याकडं यंदा घरासाठी किती तूर ठेवणार ते खाली लिहा. माणसं किती तेही लिहा, म्हणजे हिशेब लागेल. पुढच्या वेळी हरभऱ्यातल्या घाटेअळीवर लिहितो, कामगंध सापळे लावले नसतील तर आताच लावून घ्या.