यंदाचा सतरा नंबरचा फॉर्म चुकवू नका

तुमच्या घरात, चाळीत, वस्तीवर दहावीआधी शाळा सुटलेलं कुणीतरी आहेच. धुणीभांडी करणारी ताई. गॅरेजमधला पोरगा. लग्न झालं आणि दप्तर माळ्यावर गेलं, अशी सून. कदाचित तुम्ही स्वतः. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी ही कळकळीची विनंती: यंदा फॉर्म भरा.

शाळेत न जाताही खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी देता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, एवढं पुरतं. पुढे वयाची अट नाही. पण मुदत आहे! परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नोंदणी कित्येक महिने आधी होते. जानेवारीत जाग आली, तर ते वर्ष गेलं.

आणि एक वर्ष कधी एकटं जात नाही. मुलीचं वर्ष गेलं की स्थळं यायला लागतात. मुलाच्या हातात पगार खुळखुळू लागला की त्याला पुन्हा बाकावर बसायची लाज वाटते. मग आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी मागतात. अंगणवाडी सेविकेच्या जागेला तर आता बारावी लागते. कोकणातून आखाताकडे निघालेल्या तरुणाची दहावी झालेली नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ पडतं आणि कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरीच्या फेऱ्या मागे लागतात. एका गुणपत्रिकेवाचून सगळं घर अडतं.

तुम्ही हे थांबवू शकता. नापास झालेल्यांना सांगा: तुम्हाला सतरा नंबर नको, जुन्याच शाळेतून पुन्हा बसा. पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. जून-जुलैत पुरवणी परीक्षाही असते. मुंबईत असाल तर जवळची रात्रशाळा शोधा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती, तेव्हापासून दिवसा राबणाऱ्यांचा हा हक्क आहे. पट घटला की असे वर्ग बंद पडतात, म्हणून एकटे जाऊ नका. शेजारच्यालाही घेऊन जा.

“या वयात डोक्यात काय शिरणार?” असं कुणी म्हणेल. त्यांना मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाबद्दल सांगा. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन साठीच्या पुढच्या बाया बाराखडी गिरवू लागल्या. मग तिशीतल्या तुमच्या वहिनीला बीजगणित का जमणार नाही?

खरा धोका वयात नाही, अभ्यासाच्या रीतीत आहे. थकून आलेला माणूस तोच धडा चारदा वाचतो, आलं असं समजतो आणि परीक्षेत कोरा पडतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. म्हणून एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि सांगा. भाकऱ्या करताना सांगा, लोकलमध्ये मनातल्या मनात सांगा. अडलं की तेवढंच उघडून बघा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आठवा. एका रात्री चार तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास बसा. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. आणि झोप मोडू नका. पाठ झालेलं झोपेतच मुरतं.

हा पाऊण तास घरच्यांनी द्यायचा आहे. सासूबाई, तेवढा वेळ नातवाला सांभाळा. दादा, टीव्ही बंद ठेवा, भांडी तुम्ही घासा. मालक, परीक्षेच्या दिवसांत पगारी सुट्टी द्या. तुम्ही द्याल, याची मला खात्री आहे.

एकाच गोष्टीपासून जपा. परीक्षा न देता घरबसल्या दहावी मिळवून देतो, असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कुठलाही वर्ग लावण्याआधी विचारा: परीक्षा कोण घेणार? गुणपत्रिकेवर कुणाचं नाव येणार? उत्तर मिळालं नाही तर उठून चालू लागा. अशा कागदापायी लोकांनी दागिने मोडले आहेत.

शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर थांबू नका. जुन्या शाळेत दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, आजच. आधार कार्ड आणि फोटो पिशवीत टाका. यंदाची शेवटची तारीख आणि जवळचं संपर्क केंद्र शाळेच्या कार्यालयात विचारा. आणि त्या ताईला एकटीला पाठवू नका, सोबत जा. अर्ज दाखल होईपर्यंत तिथून हलू नका.