तलावाकाठची घरे आणि पाण्याचा हिशेब

दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : पवई तलाव भरून वाहू लागला. सोबत छायाचित्र आणि तलावाची कुंडली. बांधकाम १८९० सालचे, खर्च १२ लाख ५९ हजार रुपये, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, साठा सुमारे ५४५ कोटी लिटर. शेवटी एक वाक्य येते, की या तलावाचे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते औद्योगिक वापरासाठी दिले जाते. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ते वाचताना कोणाला काही खटकत नाही. पण हा तलाव बांधला होता तो शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून.

पवईचे पाणी पिण्यातून बाद झाले याला एकच कारण नाही आणि सगळा दोष काठावरच्या इमारतींच्या माथी मारणेही बरोबर नाही. तरीही सांडपाणी आणि जलपर्णी हे या तलावाचे कायमचे दुखणे झाले, ते त्याच्या भोवती वस्ती दाटल्यानंतरच. तलावाकाठच्या जमिनीवर गृहप्रकल्प उभारण्याचे प्रस्ताव आज राज्यातल्या अनेक शहरांत येत असतात. अशा वेळी पालिकेच्या महासभेने पवईकडे एकदा तरी पाहायला हवे.

महासभेपुढे इमारतीचा नकाशा सहसा येत नाही. बांधकाम परवानगी हे आयुक्तांचे आणि नगररचना विभागाचे काम. महासभेपुढे येतो तो जमिनीच्या वापरातला बदल. हरित किंवा ना-विकास क्षेत्रातला पट्टा निवासी करायचा, म्हणजे विकास आराखड्यात फेरबदल करायचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा हा प्रस्ताव लांबलचक विषयपत्रिकेत कुठेतरी असतो आणि पुष्कळदा चर्चेविना मंजूर होतो. चर्चा झालीच, तर ती चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि पालिकेला मिळणारे विकास शुल्क यांवर. तलावाचे काय होणार, या प्रश्नाला ‘प्रकल्पाचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल’ हे उत्तर तयार असते. ते ऐकून सभागृह निश्चिंत होते. खरे तर काळजी करायची ती तिथून पुढे.

साधा हिशेब करून पाहू. प्रकल्प ५०० सदनिकांचा धरला आणि प्रत्येक घरात पाच माणसे, तर २,५०० रहिवासी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरले जाणारे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे रोज २ लाख ७० हजार लिटर. प्रक्रिया केंद्र नीट चालले, तर त्यातली घाण, दुर्गंधी आणि बरेचसे जंतू जातात. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, बागेला घालता येते. पण माणसाच्या शरीरातून रोज साधारण एक ते दोन ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो आणि नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात त्यातला थोडाच भाग अडतो. तो काढायला वेगळी, महागडी व्यवस्था लागते. २,५०० माणसांचा वर्षाचा फॉस्फरस एक टनाच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतो. त्यातला जो भाग पाण्याबरोबर तलावात जातो, तो सहजासहजी बाहेर पडत नाही. गाळात बसतो आणि तळाजवळचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात मिसळतो.

फॉस्फरस तलावाचे काय करतो, हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९७३ साली अगदी डोळ्यांना दिसेल अशा रीतीने दाखवले गेले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या एका लहान तलावात मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

हिरवे पाणी नुसते कुरूप दिसते, एवढ्यावर हे थांबत नाही. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटेच्या सुमारास मासे मरून वर येतात. नील-हरित शैवालाच्या काही जाती मायक्रोसिस्टिनसारखी यकृताला घातक विषे सोडतात. पाणी उकळले तरी ही विषे जात नाहीत, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. पिण्याच्या पाण्यात या विषाचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावात असे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले.

डासांबाबत थोडी गफलत होते. डेंग्यूचा डास तलावात वाढत नाही. त्याला घरातल्या कुंडीखालच्या ताटलीतले स्वच्छ पाणी हवे असते. सांडपाण्यावर पोसतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. विदर्भातल्या काही जिल्ह्यांना या रोगाची ओळख करून द्यायला नको. शहरी मलेरियाच्या डासाला तर बांधकामाची जागाच मानवते : उघड्या टाक्या, क्युरिंगसाठी साठवलेले पाणी, लिफ्टच्या खड्ड्यातले डबके. म्हणजे आरोग्याचा प्रश्न इमारतीत लोक राहायला येण्याआधीच सुरू होतो आणि त्याची पहिली झळ बसते ती तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांना.

पाण्याकाठी राहणे माणसाला चांगले असते, हेही खरे आहे. पाणी आणि झाडे डोळ्यांसमोर असली की मन निवते, पावले फिरायला बाहेर पडतात. बिल्डरच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ला किंमत येते ती उगाच नाही. मात्र हा लाभ काठ मोकळा असेल तर सगळ्या शहराला मिळतो आणि काठावर कुंपण पडले की पाचशे घरांपुरता उरतो. शिवाय ज्या दृश्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, ते दहा वर्षांत जलपर्णीने झाकले तर त्या घरांनाही त्याचा उपयोग नाही.

जमिनीचाही एक प्रश्न आहे. तलावाभोवतालची माती पाऊस पिते आणि सावकाश सोडते. तिच्यावर काँक्रीट पडले की तेच पाणी एकदम धावत येते. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या लोकांच्या घरांत पाणी शिरले. माणसे मेली. तलावाचे पाणी बाहेर पडायच्या वाटेवर शहराने काय काय उभे केले होते, याची चौकशी मग सुरू झाली.

कायदा तलावाला वाचवेल, असे कोणाला वाटत असेल तर २०१७ चे पाणथळ जागा नियम नीट वाचावेत. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्चतम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करायला त्यात मनाई आहे. मात्र पिण्याचे पाणी किंवा सिंचन यांसाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय याच नियमांत व्याख्येबाहेर ठेवले आहेत. महाराष्ट्रातल्या शहरांतले बहुतेक जुने तलाव नेमके याच कामासाठी बांधलेले. पवई तलावातला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला, तोही नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. मार्ग आखणारी खुद्द पालिकाच होती.

मग प्रक्रिया केंद्राच्या आश्वासनावर किती विसंबायचे? याचे उत्तर सिअॅटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच दिले आहे. तलावाभोवती उपनगरे वाढली, प्रत्येकाने आपापले केंद्र बांधले आणि प्रक्रिया केलेले पाणी तलावात सोडले. कच्चा मैला जात नव्हता, तरी १९५५ मध्ये तिथे नील-हरित शैवाल दिसले. डब्ल्यू. टी. एडमंडसन या शास्त्रज्ञाने पुढे काय होणार ते सांगितले आणि फॉस्फरसकडे बोट दाखवले. उपाय महाग होता : सगळे सांडपाणी एकत्र करून तलावाबाहेर न्यायचे. मार्च १९५८ मध्ये लोकांनी मतदानात तो फेटाळला. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा मान्य केला. १९६८ पर्यंत काम पूर्ण झाले आणि ज्या तलावात मीटरभर खोलीवरचे दिसेनासे झाले होते, तो काही वर्षांत कित्येक मीटर खोलपर्यंत नितळ झाला. अर्थात ते पाणी गेले समुद्राच्या खाडीत. सोलापूर किंवा नागपूरला ती सोय नाही.

म्हणून महासभेने मंजुरीआधी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. प्रक्रिया केलेले पाणी पावसाळ्यात, बागेला गरज नसताना, कुठे जाणार? त्यात फॉस्फरस किती असेल आणि तो कोण मोजणार? तलावात येणारे ओढे प्रकल्पाच्या नकाशावर दाखवले आहेत की भरावाखाली गेले आहेत? आणि बिल्डर निघून गेल्यावर केंद्र चालवणार कोण? ते सोसायटीच्या गळ्यात पडते, दर महिन्याला विजेचे बिल येते आणि वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतो की रात्री मशीन बंद ठेवले तर कोणाला कळणार आहे?