शेवंतीचे फूल आणि पवनार

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कचेरीसमोर, पेंटॅगॉनपुढे, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने झाली. संगिनी रोखलेल्या सैनिकांसमोर शेवंतीचे फूल धरून उभी राहिलेली सतरा वर्षांची मुलगी फ्रेंच छायाचित्रकार मार्क रिबू यांनी टिपली. ते छायाचित्र जगभर गाजले. युद्ध मात्र पुढे साडेसात वर्षे चालले.

योगायोग असा की, सत्तावीस वर्षांपूर्वी याच तारखेस वर्धा जिल्ह्यात विनोबा भावे यांना युद्धविरोधी प्रचाराबद्दल अटक झाली होती. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे भाषण करून त्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला होता. ब्रिटिशांच्या युद्धास माणसे वा पैसा देणे गैर आहे, एवढेच सांगावयाचे. तेही अधिकाऱ्यांना आगाऊ कळवून. तीन महिन्यांची शिक्षा भोगून ते सुटले आणि पुन्हा सत्याग्रहास उभे राहिले. देशभर वीस हजारांहून अधिक माणसे याच मार्गाने तुरुंगात गेली.

मांजरसुंबा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आज तेथील विद्यार्थ्यास फुलाचे छायाचित्र पाहताक्षणी उमगेल; पवनार मात्र 'चले जाव'पूर्वीची एक ओळ म्हणून पाठ करावे लागते. दोष छायाचित्राचा नव्हे. फूल दिसते, पैसा नाकारणाऱ्याचे चित्र काढावयाचे तरी कसे? हिटलरविरुद्धच्या युद्धातही असा नकार उचित होता काय, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. पण ती ओळ घोकून घेणाऱ्या वर्गात तो सहसा विचारलाच जात नाही.