पंपाचा दर आणि पायाचा दर

नागपूर-यवतमाळकडून येणारा रस्ता आणि अकोला-हिंगोलीकडून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर एकत्र येतात आणि पुढे नांदेडकडे निघतात. फलकांवर आता ३६१ आणि १६१ असे राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक दिसतात, पण आमच्याकडे ते कुणाच्या तोंडी नाहीत. ‘फाट्यावर उतर’, ‘फाट्यावर खिचडी खाऊ’ एवढ्यावर काम भागते. या वाटेने जाणारा माणूस इथली खिचडी खाल्ल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. म्हणून ट्रकवाले, पिकअपवाले, लग्नाच्या जीपा आणि नागपूरला दवाखान्यात निघालेली कुटुंबे, सगळी एकाच बाकावर बसलेली दिसतात. गप्पा सुरू होतात त्या दरावर. पेट्रोल कितीला झाले, डिझेल कितीला झाले, आता गाडी विकावी का.

अशाच एका गप्पेत हळदीची पोती भरून निघालेल्या पिकअपचा चालक म्हणाला, “मालक, गाडी दाबूनच चालवायची. लवकर पोचली की इंजिन लवकर बंद. इंजिन बंद म्हंजी तेल बंद.” बाकावरच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. एकानेही हरकत घेतली नाही. हा समज एका चालकाचा नाही. गाडी असलेल्या निम्म्या घरांत तो ऐकू येतो आणि शिकलेली माणसेही तो ठासून सांगतात. म्हणून तो पूर्वपक्ष पूर्ण मांडून खोडला पाहिजे. माझे म्हणणे साधे आहे. पेट्रोल महाग झाल्यावर आपण जो जादा खर्च करतो, त्यातला मोठा भाग पंपावर नाही, आपल्या उजव्या पायाखाली ठरतो.

पहिला मुद्दा त्या चालकाचाच. इंजिन कमी वेळ चालले म्हणजे तेल कमी लागते, हे घराच्या दिव्याला लागू आहे, गाडीला नाही. दिवा दर तासाला तेवढीच वीज घेतो. गाडीचे तसे नसते. तिला किती जोर लावावा लागतो ते वेगावर ठरते आणि तेल त्या जोरासाठी जळते. त्याच पिकअपकडे पाहा. पोत्यांवर ताडपत्री बांधलेली असते. गावातून निघताना ती शांत पडून असते. पन्नासला कडा हलू लागतात. सत्तरच्या पुढे ती फडफडते, आणि नव्वदला तिचा आवाज केबिनमध्ये बोलणे ऐकू देत नाही. ती ताडपत्री फडफडवतो तो वारा आभाळातून आलेला नसतो, आपल्याच गाडीने तो उभा केलेला असतो. त्याला ढकलायला लागणारा प्रत्येक थेंब आपल्याच टाकीतून जातो.

या वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीहून थोडा अधिक होतो, ५६ टक्क्यांनी वाढतो. ८० वरून ११० वर गेलो तर तो दुपटीच्या जवळ पोहोचतो. टायरचे घर्षण आणि इंजिनाच्या आतले नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे तेल ५६ टक्क्यांनी वाढते असे मी म्हणणार नाही. पण ते चांगलेच वाढते आणि इंजिन लवकर बंद केल्याने ते परत मिळत नाही. अमेरिकेचे ऊर्जा खाते आपल्या नागरिकांना हेच सांगते की ताशी ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या पुढे गाडीचे ॲव्हरेज झपाट्याने उतरते. महामार्गावर दामटून चालवणे, सारखा ॲक्सिलेटर आणि सारखा ब्रेक, यामुळे ॲव्हरेज १५ ते ३० टक्क्यांनी घटते, हाही त्यांचाच आकडा.

आता रुपयांत बोलू. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. समजा, एक मोटार ८० च्या स्थिर वेगात लिटरला २० किलोमीटर देते आणि १०० च्या पुढे दामटली की १६ देते. तीनशे किलोमीटरला पहिल्या चालीत १५ लिटर लागतील, दुसऱ्या चालीत पावणेएकोणीस. पंधराशेच्या जागी अठराशे पंचाहत्तर. हेच उलट मांडले तर पंपावर दर १०० असतानाही जोरात चालवणाऱ्याने स्वतःसाठी तो १२५ केला. केंद्राने मे २०२२ मध्ये पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी कमी केले आणि जुलैमध्ये राज्याने करात ५ रुपयांची कपात केली, तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला होता. दोन सरकारांनी मिळून दिले त्याहून अधिक एक पाय घालवतो.

यावर गाडीची हौस असलेले तरुण म्हणतात की आमची गाडी नवी आहे, सहा गिअरची आहे, हायवेसाठीच बनवली आहे. नवी गाडी जुन्यापेक्षा कमी तेल खाते हे खरे. सहावा गिअर इंजिनाचे फेरे कमी ठेवतो हेही खरे. पण गिअर इंजिनाचा असतो, वाऱ्याला गिअर नसतो. तीच नवी गाडी ८० ला जितके देईल तितके ११० ला देणार नाही. आणि घराघरांत दिसणाऱ्या उंच, चौकोनी तोंडाच्या गाड्या वाऱ्यापुढे भिंतीसारख्या उभ्या असतात. वर कॅरियर टाकून त्यावर बॅगा बांधल्या की भिंत आणखी उंच होते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा बचाव वेळेचा. वेळ वाचतो आणि वेळेला किंमत आहे. किंमत आहेच. म्हणून ती मोजूनच पाहू. वारंगा फाटा ते नांदेड चाळीसेक किलोमीटर. ८० ने गेलो तर अर्धा तास, १०० ने गेलो तर चोवीस मिनिटे. वाचतात सहा मिनिटे, आणि तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. प्रत्यक्षात अर्धापूर येते, आडवे जाणारे ट्रॅक्टर येतात, गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या येतात आणि त्यांच्या मागे रांगेत उभे राहून ती सहा मिनिटे जागेवरच विरतात. शंभर गाठायला तेल गेले, ब्रेक लावून तेच तेल उष्णता होऊन उडाले. फाट्यावर खिचडीची प्लेट यायला आणि खायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेबद्दल मी कुणालाही तक्रार करताना पाहिलेले नाही.

लांबच्या पल्ल्यात फरक वाढतो हे मला मान्य आहे. तीनशे किलोमीटरला पाऊण तास वाचू शकतो. वरच्या हिशेबाने त्या पाऊण तासाला पावणेचारशे रुपये पडले. शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरने ते द्यावेत, दवाखान्यात कुणी अत्यवस्थ असेल त्यानेही द्यावेत, मी त्यांच्या आड येणार नाही. पण साखरपुड्याला निघालेल्या जीपला ते का द्यावे लागावेत? ज्या हिंगोली जिल्ह्यात हळद काढणीला आलेल्या बाईला दिवसभराच्या कामासाठी त्या पावणेचारशेच्या आसपासच मजुरी पडते, तिथे पाऊण तासासाठी एवढे पैसे हवेत सोडणे मला खरोखर खुपते.

आणि तोच वर्ग ब्रेकलाही लागतो. ८० च्या ऐवजी १०० ला असताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर त्याच हिशेबाने दीडपटीहून अधिक होते. ज्याने रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० ची मुभा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने दिली. ती कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे पटत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ च्या वेगात गाडी ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज देऊ शकते. दुचाकीसाठी आणि गावच्या रस्त्यासाठी तो सल्ला आजही सोन्यासारखा आहे. पण मागून लादलेले ट्रक सत्तर-ऐंशीने येत असताना चौपदरी रस्त्यावर मोटार पंचेचाळीसने चालवणे धोक्याचे आहे. आणि ‘हळू म्हणजे स्वस्त’ हेही सरसकट खरे नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत तीसने जाणारी गाडी भरपूर तेल पिते, कारण इंजिन स्वतःला फिरवण्यातच बरेच जाळते. टॉप गिअरमध्ये, न कुंथता, सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान एकसारखी चाल, हा मोटारीचा मधला आणि खरा मार्ग. भर एकसारखेपणावर आहे.

आता सर्वांत जोरकस हरकत. कर सरकारने लावायचे, दर कंपन्यांनी वाढवायचे आणि पोट आम्ही आवळायचे, हे का? या रागाला आधार आहे. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत ज्या जिल्ह्याचा भाग होता त्या परभणीत पेट्रोल राज्यात सर्वांत महाग विकले जाते ही जुनी बातमी आहे. माल मनमाडच्या डेपोतून एवढ्या लांब येतो आणि वाहतुकीचा भार ग्राहकाच्या माथी बसतो. २०२१ मध्ये परभणीने शंभरी ओलांडली आणि पुढच्या एप्रिलमध्ये मुंबईसुद्धा १२० वर गेली. याविरुद्ध बोलले पाहिजे, मोर्चा काढला पाहिजे, निवडून दिलेल्यांना विचारले पाहिजे. मी त्या मोर्चात चालेन. पण मोर्चाहून परतताना गाडी ११० ने दामटली तर काय होते ते पाहा. जाळलेल्या प्रत्येक जादा लिटरवर तेच उत्पादन शुल्क आणि तोच मूल्यवर्धित कर आपण पुन्हा भरतो. ज्या कराविरुद्ध घसा कोरडा केला, त्याचाच भरणा आपण वाढवतो. हळू चालवण्यात शरणागती कुठेच नाही. ज्याला कर खुपतो त्याच्या हातात पंपावर न जाण्याचा हा एकच रोजचा उपाय आहे.

जगाने हा उपाय करून पाहिला आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, अशी मर्यादा घातली. ती १९९५ पर्यंत कायद्यात राहिली. विरोधक बोट ठेवतात की देशाचे तेल अपेक्षेपेक्षा बरेच कमी वाचले. ते खरे आहे, कारण अनेकांनी मर्यादा पाळलीच नाही. ज्याने पाळली त्याचे तेल मात्र वाचलेच, आणि रस्त्यावरचे मृत्यू एका वर्षात सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. त्यात लोक कमी फिरले याचाही वाटा होता, पण कमी झालेल्या वेगाचाही वाटा होता. २०११ मध्ये लिबियातील संघर्षाने तेल भडकले तेव्हा स्पेनने महामार्गावरची मर्यादा काही महिने १२० वरून ११० वर आणली. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तेल वाचवण्याचे जे दहा उपाय सुचवले, त्यातही महामार्गावरचा वेग दहा किलोमीटरने कमी करा, हे होते.

खरे तर इतक्या लांब जायची गरज नाही. हे शहाणपण आपल्या बाकावर बसलेल्यांतही आहे. मोठ्या ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळात हिरवा पट्टा असतो. जुना चालक बोलता बोलताही काटा त्या पट्ट्याबाहेर जाऊ देत नाही. पुढे गर्दी दिसली की तो लांबूनच पाय उचलतो, ब्रेक शेवटी लावतो. एसटीच्या आगारात दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर पडले याचा, म्हणजे केपीटीएलचा, हिशेब चालकागणिक होतो. तीच गाडी आणि तोच मार्ग असताना एका चालकाच्या हातात जास्त आणि दुसऱ्याच्या हातात कमी पडते, हे आगारातला कुणीही सांगेल. यंत्र तेच असताना फरक पडतो तो चालकाच्या पायामुळे. उतारावर गाडी न्यूट्रल करून तेल वाचते हाही त्या पिकअपवाल्याच्या समजासारखाच एक खोटा समज. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाचे तेल बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला तेल लागतेच, शिवाय इंजिनाचा अडसर जाऊन सगळा भार ब्रेकवर पडतो.

त्या पिकअपच्या चालकाला मी यातले थोडेच सांगू शकलो, कारण त्याला हिंगोली गाठायची होती. ज्यांना माझे पटले नसेल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये. पुढच्या वेळी फाट्यावरून नागपूरकडे निघताना टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा वहीत लिहा आणि नागपूर येईपर्यंत ऐंशीच्या वर जाऊ नका. पोचल्यावर पुन्हा टाकी काठोकाठ भरा आणि किती लिटर बसले ते लिहा. त्याच्या पुढच्या खेपेला त्याच रस्त्याने, तितकीच माणसे घेऊन, नेहमीसारखी दामटा आणि तसेच मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी ठेवा आणि घरच्यांना दाखवा.