ताण तोडण्याआधी सांगा

जालना जिल्ह्यातल्या पाण्याचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत, त्यांना,

१ मे १९८१ ला औरंगाबादमधून जालना वेगळा झाला, परभणीचा परतूरही त्यात आला. वडील तेव्हा फार खूश होते. अंबडच्या माणसाची औरंगाबादची खेप वाचली, म्हणायचे. कचेरी खरंच जवळ आली. आता पाण्याचा निरोपही तितकाच जवळून आणि वेळेवर यावा, एवढंच मागायला हे लिहितोय.

मोसंबीला डिसेंबरात पाणी तोडतात. दीड-दोन महिने ताण दिला की पानं मलूल होतात, काही गळतात. जानेवारीत ताण तोडून पाणी सोडलं की आंबे बहार फुटतो. एकदा फूल धरलं की भर उन्हाळ्यातही पाणी द्यावंच लागतं. अंगावर फळ असलेलं झाड तहान सोसत नाही.

२०१२ ला पाऊस रुसला. उन्हाळ्यात थोडंफार पाणी मिळेल या आशेवर आम्ही पुढच्या जानेवारीत ताण तोडला. बाग फुलली, वास घरापर्यंत यायचा. एप्रिलात विहिरीनं तळ दाखवला. टँकर आणून बादली-बादलीनं आळी भरली. आधी वाटाण्याएवढी फळं गळाली, मग शेंडे वाळले. मी नखानं साल खरवडून बघायचो, आत हिरवं दिसलं की त्या झाडाला आणखी एक बादली. जूनपर्यंत नख कुठेच हिरव्याला लागेना. वडिलांनी लावलेली अठरा वर्षांची साडेतीनशे झाडं आम्ही स्वतः तोडली. पंचनाम्यात क्षेत्र लिहिलं गेलं, झाडांचं वय नाही. नवं रोप फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात, हे त्या कागदात कुठेच नव्हतं.

पाणी नाही हे आम्हाला नोव्हेंबरात कळलं असतं, तर बहार धरलाच नसता. एक हंगाम गेला असता. पण छाटणी करून, बुंध्याशी पाचट अंथरून थोडक्या पाण्यावर झाडं जगवली असती.

जायकवाडी धरणातला साठा ऑक्टोबरातच कळतो. त्याचा डावा कालवा अंबड-घनसावंगीतून पुढे परभणीकडे जातो. त्यातून उन्हाळ्यात फळबागांना किती आवर्तनं, की एकही नाही, हे नोव्हेंबर संपायच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. ‘नाही’ असेल तर ‘नाही’च लिहा. पंचनाम्यात झाडांची संख्या आणि वय यांचे दोन रकाने घाला.

२०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पुन्हा लावलेली रोपं गुडघ्याएवढी होती. आता त्यांना फळं लागतात. डिसेंबरात मोटार बंद करायची की नाही, हे तुमच्या त्या फळ्यावर बघूनच ठरवीन.

आपला,
अंबड तालुक्यातला एक मोसंबी बागायतदार