ज्येष्ठांच्या ताटातली पालेभाजी

कळसाडी असो की नंदुरबार जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव, भाकरीसोबत माठ, मेथी, पालक आजी-आजोबांच्या ताटात हवेतच. या भाज्यांत आणि बिटात नायट्रेट भरपूर असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात साठी-सत्तरीतल्यांनी दोन आठवडे, दिवसातून दोनदा बिटाचा रस घेतला. त्यांचा रक्तदाब उतरला. तिशीच्या आतल्यांचा उतरला नाही! वयाबरोबर शरीरात नायट्रिक ऑक्साइड कमी बनते, म्हणून उतारवयात पालेभाजीचे मोल अधिक. भाजी उकडलेले पाणी फेकू नका, नायट्रेट त्यातच उतरते. आणि बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नका.