जुनी विजेची मोटार आणि एक त्रैराशिक

पुण्याच्या एका सद्गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची धाकटी सून शिरवळच्या बाजूस एका कारखान्यांत रसायनशाळा सांभाळते. घरापासून सुमारें पन्नास किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे शंभर. कारखान्याची बस बंद झाली, पेट्रोलची मोटार पगाराचा मोठा घास घेते, आणि घरांतील कांहीं वडीलधाऱ्यांचें मत असें पडलें कीं, न परवडे तर सूनबाईंनीं नोकरी सोडावी. पत्रलेखकांस तें रुचत नाहीं. आम्हांसहि रुचत नाहीं. ते आपल्या ठेवींतून विजेची मोटार घेऊन देण्यास सिद्ध आहेत, परंतु ठेव बेताची, तेव्हां गाडी वापरलेलीच घ्यावी लागणार. 2021 सालची एक टाटा नेक्सॉन त्यांनीं पाहून ठेविली आहे. त्यांस धास्ती एकच: रात्रीं परततांना कात्रजच्या बोगद्याअलीकडे ती थांबली तर?

पेट्रोलच्या जुन्या गाडीचें वय तिच्या धुरावरून व घरघरीवरून कळतें. विजेच्या गाडीला धूर नाहीं कीं घरघर नाहीं. रंगरोगण केलें कीं ती नवरीसारखी दिसते. तिचा खरा जीव बैठकीखालच्या बॅटरींत असतो, आणि ती बॅटरी धांवण्यानें झिजते, उन्हानें झिजते व नुसत्या काळानेंहि झिजते. म्हणून, आज ही गाडी शिरवळास जाऊन येते काय, हा प्रश्न अपुरा आहे. आणखी पांच वर्षांनीं ती जाऊन येईल काय, हें विचारावें.

याला आमच्या शाळेंतलें जुनें त्रैराशिक पुरतें. 2020 सालीं बाजारांत आलेल्या या गाडीची बॅटरी 30.2 युनिटांची, आणि जाहिरातींतील पल्ला 312 किलोमीटरांचा. तो चांचणीशाळेंतला पल्ला. त्यावर विसंबून कोणी प्रवासास निघूं नये. वैशाखांत गारव्याचें यंत्र चालवून हमरस्त्यानें जातांना शंभर किलोमीटरांस 16 युनिटें लागतात असें धरावें. आतां बॅटरी झिजून 85 टक्के उरली आहे असें समजा. मग 25.7 युनिटें, म्हणजे 160 किलोमीटर. त्यांतला पांचवा हिस्सा अडीअडचणीस राखला तर 128. पुढें ती 75 टक्क्यांवर आली तर तोच हिशेब 113 वर येतो. झीज इतकी होईलच असें नव्हे, पण संसारांतला हिशेब वाईट धरूनच मांडावा. शंभरांचा प्रवास यांत बसतो, जरा अंग चोरून कां होईना. ज्यांचा रोजचा प्रवास एकशेंतीस आहे त्यांनीं मात्र या गाडीच्या वाटेस जाऊं नये. 2022 सालीं आलेली 40.5 युनिटांची मोठी बॅटरी असलेली गाडी शोधावी.

परीक्षा कशी घ्यावी? अधिकृत दुरुस्तीगृहांत बॅटरीची शिल्लक शक्ति मोजून तो आंकडा लेखी घ्यावा. नंतर गाडी पूर्ण भरून, स्वतः सूनबाईंनींच, त्यांच्या नित्याच्या वेगानें, शिरवळास नेऊन आणावी. (दलालानें चालविलेल्या गाडीचा पल्ला नेहमींच लांब असतो!) परत आल्यावर पडद्यावर 38 टक्क्यांच्या आसपास उरले तर आमचा अंदाज बरोबर. तीसाहून कमी उरले, आणि खर्च मात्र शंभरास 16 युनिटेंच दिसत असला, तर ती गाडी पांच वर्षांनंतरच्या अवस्थेस आजच पोंचली आहे. नमस्कार करून परत द्यावी.

बॅटरीची हमी 8 वर्षें अथवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तोंवर. रोज शंभर म्हणजे वर्षाचे तीस हजार. साठ हजार चाललेली गाडी घेतली तर हमी साडेतीन वर्षांच्या आंतच सरेल. तेव्हां कमी चाललेल्या गाडीस चार पैसे अधिक द्यावे लागले तरी द्यावेत. दुसऱ्या मालकास ती हमी मिळते काय, हेंहि लेखी विचारावें. नवी बॅटरी कांहीं लाखांची वस्तु आहे.

खर्चाचें म्हणाल तर, वाया जाणारी वीज धरून रोज 18 युनिटें. युनिटाला 12 रुपये दर धरला तरी 216 रुपये. लिटरास सोळा किलोमीटर जाणाऱ्या मोटारीस तेवढ्याच वाटेला सव्वासहा लिटर पेट्रोल लागतें, म्हणजे सव्वासहाशें रुपयांच्या वर. तीनशें दिवसांत लाखावर रुपये वांचतात. ज्यांनीं नोकरी सोडण्याचा सल्ला दिला त्यांच्यासमोर हा कागद ठेवावा. वाद घालण्याचें कारण पडणार नाहीं.

हें सर्व घरीं गाडी भरतां आली तर. साध्या 15 अँपिअरच्या खोबणीवर साडेपांच-सहा तासांत रोजची भर होते, म्हणजे रात्र पुरते. महावितरणकडून गाडीपुरता वेगळा मीटर घ्यावा, नाहीं तर घरच्या विजेवर ही भर पडून वरच्या टप्प्याचा चढा दर लागतो. पण पत्रलेखक राहतात तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी उभी राहणार सोसायटीच्या आवारांत. तेव्हां विसार देण्यापूर्वीं तारा ओढण्याची परवानगी चिटणीसांच्या सहीनिशीं हातीं घ्यावी. तोंडी होकार चालणार नाहीं.